कुवेतच्या किनाऱ्यावरील जुनी वकिलात

कुवेत शहरात समुद्राच्या कडेने जाणाऱ्या हमरस्त्यालगत, काचेच्या उत्तुंग इमारतींच्या शेजारात काहीशी अंग चोरून उभी असलेली, पांढऱ्या भिंतींची आणि निळ्या लाकूडकामाची एक दुमजली वास्तू आहे, तिला तेथील लोक 'बैत डिक्सन' म्हणतात. एका कुवेती व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकात बांधलेली ही हवेली, १८९९ साली कुवेतचे शासक शेख मुबारक यांनी इंग्रजांशी केलेल्या गुप्त करारानंतर पाच वर्षांनी, कॅप्टन नॉक्स हा पहिला पोलिटिकल एजंट म्हणून बंदरात उतरला तेव्हा वकिलातीच्या कामी आली, आणि पुढे तीस वर्षे वाळवंटातील हालहवाल टिपून घेण्याचे काम याच माडीवरून चालले.

ही वकिलात इंग्रजांची खरी, परंतु तिचा कारभार हिंदुस्थान सरकारचा होता. एजंटाचा वरिष्ठ इराणच्या किनाऱ्यावर बुशायर येथे राहणारा रेसिडेंट; तो १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हुकमतीखाली होता आणि त्यानंतर थेट हिंदुस्थान सरकारच्या. टपाल मुंबईहून बसऱ्याकडे जाणाऱ्या आगबोटींनी येई, पत्रावर हिंदुस्थानची तिकिटे लागत, आणि बाजारात तर १९६१ पर्यंत रुपयाच चालत असे. कुवेतची गलबते खजूर घेऊन मुंबईच्या धक्क्याला लागत आणि तेथील मोत्यांचा मोठा व्यापार मुंबईतच होई, तेव्हा या घराची एक खिडकी आपल्याकडे उघडत होती असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

येथून वरिष्ठांकडे नियमाने जाणाऱ्या गोपनीय बातमीपत्रांचा विषय मुख्यतः शेजाऱ्यांच्या संबंधांचा असे : कोणत्या टोळीचा तळ कोणत्या विहिरीपाशी पडला आहे, नज्दहून कोणाचा कासद शेखांच्या भेटीस आला, इराकी जकातदारांच्या मोटारी हद्द ओलांडून कोठवर आल्या, चोरट्या मालाचे उंट कोणत्या वाटेने गेले. ही माहिती मिळवण्यासाठी वेषांतर करून हिंडणारे हेर लागत नसत. काफिल्याचे नाईक, मोत्यांचे सावकार, सफातच्या चौकात तूप आणि लोकर विकावयास येणारे बदू हेच बातमीचे मूळ, आणि एजंटाच्या ओसरीवरील कॉफीचा पेला हे तिचे मोल. पेशव्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज वकिलातीचा, म्हणजे पुणे रेसिडेन्सीचा, पत्रव्यवहार ज्यांनी चाळला आहे त्यांना ही लेखनाची तऱ्हा परकी वाटणार नाही. बाजारगप्पा, दरबारी कानगोष्ट आणि प्रत्यक्ष पाहिलेली घटना यांना एकाच संथ, निर्विकार शैलीत बसवण्याची ती ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीपासून चालत आलेली हातोटी होय.

परंतु ज्या सरहद्दींवर ही नजर ठेवायची, त्या आखल्या गेल्या फार अलीकडे. १९२० साली अल्-जहरा येथे नज्दचे सत्ताधीश इब्न सौद यांच्या इख्वानांशी, म्हणजे धर्मवेड्या टोळीवाल्या लढवय्यांशी, कुवेतकरांची घनघोर लढाई झाली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी अल्-हसाच्या किनाऱ्यावरील उकैर येथे इराकचे हाय कमिशनर सर पर्सी कॉक्स यांनी इब्न सौद यांना आणि इराकच्या प्रतिनिधीला समोरासमोर बसवले. कुवेतची बाजू मात्र कोणा कुवेतकराने नव्हे, तर तेथील एजंट मेजर मोर यांनी मांडायची होती. इब्न सौद यांचे म्हणणे असे, की सीमा टोळ्यांच्या चराईप्रमाणे ठरावी, नकाशावरील रेघेने नव्हे. दिवसांमागून दिवस वाद चालल्यावर कॉक्स यांनी तांबडी पेन्सिल घेऊन नकाशावर स्वतःच रेघ ओढली, ही हकीकत त्या बैठकीस हजर असलेल्या हॅरॉल्ड डिक्सन यांनी तीन दशकांनंतर आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. आणि इतक्या काळाने सांगितलेल्या हकीकतीला जेवढी रंगत चढते तेवढी तिच्यातही चढली असावी असे मला वाटते. परिणाम मात्र निर्विवाद आहे : २ डिसेंबर १९२२ च्या करारनाम्याने, १९१३ च्या इंग्रज-तुर्क करारात कुवेतकडे मानलेल्या मुलखाचा मोठा हिस्सा इब्न सौद यांच्याकडे गेला, आणि जेथे एकमत होईना तेथे दोन तटस्थ पट्टे मोकळे सोडण्यात आले.

हेच डिक्सन १९२९ साली एजंट म्हणून या घरात राहावयास आले. बैरूतमध्ये जन्मलेल्या आणि तान्हेपणी अनझा टोळीतील दाईचे दूध प्यायल्यामुळे त्या टोळीशी दूधनाते सांगणाऱ्या या अधिकाऱ्याइतके वाळवंट क्वचितच कोणा इंग्रजाला कळले असेल. आल्याबरोबर त्यांच्यापुढे मुतैर टोळीचा सरदार फैसल अल्-दुवैश याने इब्न सौद यांच्याविरुद्ध केलेल्या बंडाचा प्रश्न उभा राहिला. जानेवारी १९३० मध्ये तो इंग्रजांस शरण आला आणि जीवदानाच्या अटीवर इब्न सौद यांच्या स्वाधीन झाला. त्याहून चिवट प्रकरण होते नाकेबंदीचे. आपल्या टोळ्यांनी कुवेतच्या बाजारात सौदा करू नये, हा इब्न सौद यांचा १९२३ पासूनचा हुकूम १९३७ पर्यंत टिकला. मोत्यांच्या व्यापारास उतरती कळा लागली असतानाच उंटांच्या रांगाही यावयाच्या थांबल्या, म्हणजे समुद्राकडून आणि वाळवंटाकडून कोंडमारा एकाच वेळी झाला. विहिरी आणि पाऊस पाहून चालणाऱ्या माणसाला नकाशावरील रेघ ठाऊक नसते हे डिक्सन पुरते जाणत होते. तरीही त्या माणसाच्या हालचालीला 'हद्दीचे उल्लंघन' म्हणून वरिष्ठांस कळवणे, हे त्यांच्या नोकरीचे कर्तव्य होते. वाळवंट ज्यांना कळले त्यांच्याच हातून ही रेघ दप्तरात पक्की झाली.

१९३६ मध्ये डिक्सन नोकरीतून मोकळे होऊन तेल कंपनीत गेले. कचेरी तत्पूर्वीच नव्या इमारतीत गेली होती. घर मात्र त्यांच्याकडेच राहिले. त्यांच्या पत्नी व्हायोलेट, म्हणजे कुवेतकरांच्या 'उम्म सौद', पतीच्या मृत्यूनंतरही तेथेच राहिल्या, वाळवंटातील वनस्पती गोळा करीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पाहुणचार करीत. एका रानफुलाच्या शास्त्रीय नावात त्यांचे आडनाव गुंफलेले आहे. १९९० च्या इराकी आक्रमणात वयाच्या नव्वदीपुढे त्यांना देश सोडावा लागला आणि पुढच्याच जानेवारीत त्या इंग्लंडमध्ये वारल्या. घराचीही तेव्हा नासधूस झाली. पुढे त्याची डागडुजी झाली आणि आज ते सांस्कृतिक केंद्र म्हणून पाहता येते.

युद्ध संपल्यावर कुवेत आणि इराक यांची सीमा जमिनीवर आखण्याचे काम संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे आले, तेव्हा या वकिलातीच्या जुन्या कागदांना अनपेक्षित भाव आला. सफवान गावाच्या दक्षिणेस, शेवटच्या खजुरीच्या झाडाच्या पलीकडे, १९२३ मध्ये सीमेची खूण म्हणून एक फलक रोवला होता. तो पुढे नाहीसा झाला, १९४० मध्ये एजंटाने पुन्हा उभा केला तेव्हा तो आपल्या हद्दीत सरकवल्याची तक्रार इराकने केली, आणि नंतर त्याचाही मागमूस राहिला नाही. फलक मुळात कोठे होता हे ठरवण्यासाठी आयोगाला पत्रव्यवहार आणि नकाशे उलगडून बसावे लागले. त्यांच्या निर्णयावर सुरक्षा परिषदेने मे १९९३ मध्ये शिक्कामोर्तब केले. इराकने तो मान्य करावयास आणखी दीड वर्ष घेतले.