घाटावरचे बंदर

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. दोहोंच्या पश्चिमेस सह्याद्रीचा उभा कडा आहे. ह्या कड्याजवळच कुकडी आणि घोड ह्या नद्या उगम पावतात. परंतु समुद्र इतका जवळ असूनही त्या त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेकडे वाहत जातात. ह्या मुलखातील शेतकऱ्याने समुद्र पाहावयाचा म्हटला, तर त्याला हजारो फूट खाली कोकणात उतरावे लागते. असे असूनही दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरची भरभराट समुद्रावरच अवलंबून होती. कल्याण आणि सोपारे येथे गलबते लागत, आणि त्यांतील मालाची घाटावरची पहिली मोठी पेठ म्हणजे जुन्नर. जुन्नरला घाटावरचे बंदर म्हटले, तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

बंदर आणि पेठ ह्यांना जोडणारा दुवा म्हणजे नाणेघाट. कल्याणहून मुरबाडमार्गे सुमारे साठ किलोमीटर आल्यावर वैशाखरे गाव लागते. तेथून डोंगर चढू लागतो. वाट कोठे कातळ फोडून, कोठे दगड बसवून केलेली आहे. शेवटी दोन उंच कड्यांच्या मधल्या अरुंद खिंडीतून वाटसरू एकदम पठारावर येऊन पोहोचतो. तेथून जुन्नर तीस-पस्तीस किलोमीटर राहते. ह्या वाटेवर गाडी चालणे शक्यच नव्हते. माल वाहून न्यावयाचा तो बैलांच्या पाठीवर, गाढवांच्या पाठीवर नाही तर माणसांच्या डोक्यावर. आंबेगाव तालुक्यातील आहुपे घाटासारख्या दुसऱ्याही वाटा कोकणात उतरतात. परंतु व्यापाराचा राजमार्ग म्हणून मान मिळाला तो नाणेघाटालाच. जुन्नरहून पुढे हाच मार्ग गोदावरीकाठच्या पैठणला, आणि तेथून तेर नगराकडे जात असे.

ह्या व्यापाराचे वर्ष पावसाच्या तालावर चाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशी व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर ह्यांतील बंदरांची माहिती देणारे एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही, पण पुस्तक मात्र उरले आहे. त्यात तो सांगतो, की इजिप्तमधून भारताकडे येणारी जहाजे जुलैच्या सुमारास निघत. नैर्ऋत्य मोसमी वारा शिडांत भरला, की ती थेट समुद्र ओलांडत आणि पावसाचा जोर ओसरता ओसरता आपल्या किनाऱ्याला लागत. पुढे वारा उलटा फिरे आणि तोच त्यांना परत घेऊन जाई. पावसाळ्यात नाणेघाटाच्या वाटेवरून पाण्याचे लोट वाहतात, तेव्हा तांड्यांनाही चार महिने थांबणे भागच होते. म्हणजे ज्या वाऱ्याने गलबते येत, तोच वारा आधी घाट बंद करी, आणि पाऊस सरला की बंदर व घाट दोन्ही एकदम जागे होत.

गलबतांतून काय येत असे? भडोचच्या बाजाराची यादी त्या खलाशाने दिली आहे. मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, आणि सोन्या-चांदीची नाणी! जाताना जहाजे सुती कापड, मिरी, हस्तिदंत आणि रंगीत मौल्यवान दगड भरून नेत. कल्याणला उतरणारा माल ह्याहून फार वेगळा नसावा. रोमचा ग्रंथकार प्लिनी ह्याने तर तक्रारच केली होती, की भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून निदान पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. हा आकडा त्याने थोडा फुगवून सांगितला असेल; परंतु रोममधल्या माणसाला ज्याची टोचणी लागली, तो व्यापार लहान खासच नव्हता.

एवढा माल ज्या वाटेने जातो, त्या वाटेवर राजाचे लक्ष असणारच. नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी ह्या रांजणात टाकावीत असा रिवाज होता, असे परंपरेने सांगतात. रांजणावर तसा काही लेख नाही, तेव्हा ही गोष्ट परंपरा म्हणूनच ऐकावी हे बरे. पण येथे राजसत्ता प्रत्यक्ष हजर होती ह्याचा पुरावा खिंडीतल्या लेण्यातच आहे. सातवाहन राजा सातकर्णी ह्याची राणी नागनिका हिने ह्या लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक मोठा लेख कोरवून घेतला. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या आता उरल्या नाहीत. वरची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. घाट चढून धापा टाकत आलेल्या व्यापाऱ्याला आपण कोणाच्या राज्यात पाऊल टाकीत आहोत, हे वेगळे सांगावे लागत नसे.

लेखात यज्ञांचे आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचे वर्णन आहे. गायी, घोडे, हत्ती, आणि कार्षापण नावाची नाणी ह्यांची संख्या त्यात अंकांनी लिहिली आहे. एका ठिकाणी तर २४,४०० कार्षापणांचा उल्लेख येतो. आज आपण २४,४०० लिहिताना ज्या जागी अंक बसतो, त्यावरून त्याची किंमत ठरवतो. नाणेघाटाच्या लेखात मात्र दहाला एक चिन्ह, शंभराला दुसरे, हजाराला तिसरे अशी रीत आहे, शून्य नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी एकोणिसाव्या शतकात ह्या अंकांचा कसून अभ्यास केला. आपल्या देशात मोठमोठ्या संख्या अंकांनी लिहिल्याचे जे फार जुने पुरावे आहेत, त्यांत ह्या लेखाची गणना होते. व्यापाराच्या वाटेवरच तो सापडावा ह्यात नवल नाही.

आता जुन्नर शहराकडे वळावे. शहराभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री येथे, दोनशेहून अधिक लेणी आहेत. ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी आणि उपासनेसाठी खोदली गेली. ह्यांपैकी पुष्कळ लेणी राजांनी खोदविली नाहीत. ती ज्यांच्या पैशांतून उभी राहिली त्यांची नावे दगडावर आहेत, आणि ती वाचू लागले की सारा बाजार डोळ्यांसमोर येतो. लेण्याद्रीच्या मोठ्या चैत्यगृहावर सुलसदत्ताचे नाव आहे. तो कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा किंवा खजिनदाराचा, मुलगा. बंदरातल्या माणसाने घाट चढून येऊन येथे दान केले! धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने एक लेणे आणि पाण्याचे टाके दिले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनाचा मंडप दिला. यवन हा शब्द त्या काळी ग्रीकांना आणि पश्चिमेकडून आलेल्या लोकांना लावीत. आडुथुम नावाच्या एका शकाने शेतजमीन दिली, एके ठिकाणी वीस निवर्तने आणि दुसरीकडे नऊ. त्या लेखात करंजाचा आणि वडाचा उल्लेख आहे. क्षत्रप राजा नहपान ह्याचा अमात्य अयम ह्यानेही मानमोडीवर टाके आणि मंडप दिला.

ह्या दानांत टाक्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा का येतो, ते ज्याने चैत्र-वैशाखात हा मुलूख पाहिला आहे त्याला समजेल. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, पण कातळावरून सारे पाणी वाहून जाते, आणि उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी मैल मैल चालावे लागते. खडकात खोल टाके खोदले, तोंड लहान ठेवले आणि वरून वाहणारे पाणी त्यात वळविले, तर ते सावलीत राहते. उन्हाने फारसे आटत नाही. नाणेघाटाच्या माथ्यावरही अशी टाकी आहेत. बैलांच्या तांड्याला हे पाणी मिळाले नसते, तर बंदर कितीही मोठे असते तरी त्याचा माल घाटावर आला नसता. सोन्याच्या मोहरांपेक्षा टाके खोदणाऱ्या पाथरवटाची छिन्नी ह्या व्यापाराला अधिक उपयोगी पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

टाके एकदा खोदले की संपले; परंतु भिक्षूंच्या वस्त्रांसारखा दरवर्षीचा खर्च कसा चालवावयाचा? त्याची युक्तीही ह्या लोकांनी काढली होती. रक्कम श्रेणीकडे कायमची ठेव म्हणून ठेवावयाची, मूळ रकमेला हात लावावयाचा नाही, आणि फक्त व्याज खर्च करावयाचे. जुन्नरच्या एका लेखात बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या अशा ठेवींची नोंद आहे. ह्या पद्धतीचा पुरता हिशेब नाशिकच्या लेण्यात मिळतो. नहपानाचा जावई उषवदात ह्याने तेथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले. व्याज शेकडा दरमहा एक. म्हणजे महिन्याला वीस आणि वर्षाला २४० कार्षापण. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. वीस गुणिले बारा, २४०. हिशेब अगदी चोख! ह्याच उषवदाताने सोपारे, भडोच इत्यादी ठिकाणी धर्मशाळा, विहिरी आणि तळी बांधली, आणि काही नद्यांवर वाटसरूंसाठी फुकट नावा ठेवल्या, असेही तो लेख सांगतो. बंदराच्या मिळकतीचा काही वाटा असा वाटसरूंपर्यंत येऊन पोहोचत असे.

परंतु बंदर कायमचे नसते. त्या ग्रीक खलाशानेच लिहून ठेवले आहे, की पूर्वी कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. पण पुढे सत्ता बदलली, बंदराची अडवणूक होऊ लागली, आणि चुकून तेथे लागलेल्या ग्रीक जहाजांना पहारा देऊन भडोचला नेले जाऊ लागले. सातवाहन आणि क्षत्रप ह्यांच्यात किनाऱ्यासाठी झुंज चालली होती, तिचा हा परिणाम. एका बंदरात जहाजे अडली, की घाटावरच्या पेठेतील भाव कोसळत असतील आणि तांडेवाल्याच्या घरची चूल मंदावत असेल, हे वेगळे सांगावयास नको. सोपाऱ्याचे दैव तर आणखी निराळे. कालांतराने तेथील खाडी गाळाने भरत गेली. एके काळी सम्राट अशोकाने जेथे आपल्या आज्ञा कोरविल्या, ते बंदर आज नालासोपारा ह्या नावाने मुंबईजवळचे दाट वस्तीचे शहर झाले आहे.

एक बंदर मावळले की घाटावरच्या लोकांनी दुसऱ्याकडे वळावे, हे पुढेही घडत राहिले. इ. स. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी जुन्नरला आला. तो जहाजातून उतरला तो कल्याणला नव्हे, तर चौलला. विकण्यासाठी त्याने समुद्रापलीकडून एक उमदा घोडा आणला होता, कारण घोड्यांना दक्षिणेत मोठी किंमत येई. पायी चालत तो जुन्नरला पोहोचला आणि तेथे पावसाळाभर अडकून पडला. त्यातच जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला! परमुलखात आलेल्या माणसाचे सारे भांडवल त्या एका घोड्यात होते. सुदैवाने खोरासानच्या एका वजनदार गृहस्थाने मध्ये पडून तो परत मिळवून दिला. किल्ल्याची वाट इतकी अरुंद आहे, की दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत, अशी नोंदही ह्या पाहुण्याने करून ठेवली आहे.

आजचे बंदर न्हावाशेवा येथे आहे. मुंबईच्या खाडीपलीकडे उभारलेले हे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. बंदराचे वर्ष कसे गेले हे आता रांजणातील नाण्यांवरून नव्हे, तर कंटेनरांवरून मोजतात. कंटेनर म्हणजे माल भरून बंद केलेली पोलादी पेटी. वीस फुटी पेटी हे माप धरले, तर २०२४-२५ ह्या वर्षात ह्या बंदराने सुमारे ७३ लाख पेट्यांची चढ-उतार केली. परदेशी जाणाऱ्या कांद्याच्या आणि द्राक्षांच्या पेट्या ह्याच बंदरातून निघतात, आणि जुन्नर व आंबेगाव हे दोन्ही तालुके शेतमालाचे आगर आहेत. नारायणगावच्या बाजारात हंगामात टोमॅटोचे क्रेट एकावर एक रचलेले दिसतात; मंचरच्या बाजारात कांद्याच्या आणि बटाट्याच्या गोण्या येतात. निर्यात बंद झाली किंवा तिच्यावर कर बसला, की त्याच आठवड्यात येथल्या कांद्याचा भाव खाली येतो.

हा माल आता नाणेघाटाने उतरत नाही. कल्याणकडे जाणारे ट्रक थोड्या उत्तरेकडच्या माळशेज घाटातून जातात. इतर माल पुणे-नाशिक रस्त्याला लागतो. नाणेघाटाच्या खिंडीतून हल्ली डोंगर चढण्याची हौस असलेली मंडळी आणि आसपासच्या वाड्यांतील माणसे तेवढी ये-जा करतात. वर आल्यावर ती लेण्याच्या सावलीत बसतात, रांजणाला हात लावून पाहतात, आणि टाक्यात वाकून पाणी किती आहे ते बघतात.