बिब्बा उतला तर...

शनिवारी मानवतच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारा. दुकानांच्या दारांत लिंबू-मिरचीसोबत ओवलेला काळा बिब्बा लोंबताना दिसेल. दृष्ट लागू नये म्हणून तो, काटा मोडलेल्या टाचेला चटका द्यायला तो, आणि जमत आलेल्या सोयरिकीत कुणी खोडा घातला तर 'त्यानं बिब्बा घातला' म्हणायलाही तोच. पण इतक्या घरोब्याचा हा बिब्बा अंगावर उतला की काय करावं, याबद्दल दहा घरांत दहा मतं ऐकायला मिळतात.

बिब्ब्याच्या टरफलात काळं, चिकट, जहाल तेल असतं. ते कापडावर लागलं की धुऊन जात नाही. म्हणूनच पूर्वी धोबी कपड्यांवर त्यानं खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात इकडं आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर खाजरे चट्टे उठू लागले. चट्टे नेमके धोब्याच्या खुणेखालीच आहेत, हे त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ साली नोंदवून ठेवलं. त्या सैनिकांच्या मुलखात 'पॉयझन आयव्ही' नावाची एक वेल असते, तिला हात लागला तरी असेच फोड येतात. ती वेल, बिब्बा, काजू आणि आपला आंबा ही सगळी एकाच कुळातली भावंडं. कैरीच्या चिकानं ओठ उततात, काजूच्या टरफलानं बोटं सोलतात, ते उगीच नाही. एकाचा त्रास ज्याला होतो, त्याला दुसऱ्याचाही होऊ शकतो.

या तेलाचं काम दोन तऱ्हेचं असतं. जास्त लागलं तर ते सरळ भाजतं. कातडी काळी पडते, फोड येतो. दुसरी तऱ्हा जास्त फसवी. पहिल्या वेळी काहीच होत नाही, पण शरीर ती ओळख लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी थोडासा संबंध आला तरी एक-दोन दिवसांनी खाज, सूज, पुरळ सुरू होतं. तोवर आपण बिब्ब्याला हात लावला होता हेच विसरलेलो असतो, आणि बोल लागतो कालच्या वांग्याला.

तेल कातडीत मुरायला काही मिनिटंच लागतात. म्हणून खरा उपाय पहिल्या पाच-दहा मिनिटांतला. साबण आणि भरपूर गार पाणी. घासायचं नाही, वाहू द्यायचं. नखांच्या खाली, अंगठीच्या आत, बांगड्यांखाली धुवायचं. अंगावरचे कपडे, चप्पल, विळा, अडकित्ता, सगळं धुवायचं. तेल त्यांच्यावर बसून राहतं आणि चार दिवसांनी पुन्हा चावतं. फोडातल्या पाण्यानं मात्र हे पसरत नाही, दुसऱ्याला होत नाही. त्यामुळं त्या माणसाला वेगळं बसवायचं कारण नाही.

आमच्या अम्मीकडं एकच इलाज होता, खोबरेल. गोडंबी फोडणाऱ्या बायाही कामाला बसण्याआधी हाताला तेल चोपडतात, ते शहाणपणाचं आहे; आधी लावलेलं तेल आडपडदा होतं. पण बिब्बा लागल्यानंतर नुसतं तेल चोळत बसलं तर तो आणखी पसरतो. तेलानं पुसलं तर लगेच साबणानं धुवायलाच हवं. धुऊन झाल्यावर, पुरळ आल्यावर, खोबरेलानं कोरडी कातडी मऊ राहते, तेवढं चांगलं. कोथिंबिरीचा रस आणि वाटलेले तीळ यांचंही नाव आयुर्वेदाच्या जाणकारांकडून निघतं. मला विचाराल तर सगळ्यांत भरवशाची गार पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ सुती फडक्याची घडी. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं ठेवावी. औषधाच्या दुकानात मिळणारं गुलाबी कॅलामाइन लोशन खाजेला उतार देतं. खायच्या सोड्याचा पातळ लेपही थोडा वेळ बरं वाटायला उपयोगी. नखं कापून टाकावीत, रात्री झोपेत हात जातोच.

चुना, लिंबू, रॉकेल, गरम पाण्याचा शेक यांच्या नादी लागू नये. गरम पाण्यानं खाजवल्यासारखं क्षणभर सुख होतं, मग आग दुप्पट. आणि वाळलेले बिब्बे, त्यांची टरफलं चुलीत घालू नयेत. धूर डोळ्यांत, छातीत जातो.

दुखणं साधारण दोन-तीन आठवडे चालतं. तोंड, डोळे किंवा नाजूक जागा सुजली, श्वास लागला, फोडांत पू झाला, ताप आला, तर घरचं सगळं बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. डॉक्टर मलम किंवा गोळ्या देतील त्या मध्येच सोडू नयेत. सोडल्या की पुरळ उलटून येतं.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं, ते रडायला लागलं की बेंबीभोवती बिब्ब्याचे ठिपके द्यायची चाल आपल्या भागात आहे. मोठ्या माणसाच्या टाचेची जाड कातडी सोसते ते महिन्याच्या बाळाच्या पोटाला कसं सोसेल? पोट फुगायचं कारण आतच राहतं, वरून जखम होते आणि दवाखान्यात न्यायचा वेळ जातो. घरातली म्हातारी माणसं हे मायेनंच करतात, म्हणून त्यांच्याशी भांडायला जाऊ नये. त्यांनी बिब्बा तापवायला घेतला, की बाळाला उचलावं आणि त्यांनाही सोबत घेऊन सरकारी दवाखान्याची वाट धरावी.