दृक्प्रत्यय

ज्योतिषी म्हटला की कुंडली मांडून बसलेला गृहस्थ डोळ्यांपुढे येतो आणि खगोलशास्त्रज्ञ म्हटला की दुर्बिणीपुढे जगाला विसरलेला विद्वान. दोन्ही चित्रे अपुरी आहेत. आपल्याकडे ज्योतिष या शब्दात ग्रहगणितही येत असे, आणि त्या गणिताच्या खरेपणाला एक कसोटी होती. तिचे नाव दृक्प्रत्यय. गणिताने ग्रह जेथे सांगितला तेथे तो डोळ्यांना दिसला पाहिजे. न दिसल्यास गणित सुधारावयाचे.

ही कसोटी किती घरगुती आहे, हे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसास चटकन उमगते. आमच्या जबलपुरात, ओमतीसारख्या जुन्या वस्तीतही, मराठी घराच्या भिंतीवर मुंबई-पुण्याकडची दिनदर्शिका आढळते. संकष्टीला सारे घर तीतील चंद्रोदयाच्या वेळेकडे डोळे लावून असते. परंतु पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात, आणि जबलपूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे सात अंशांवर आहे. म्हणजे मुंबईची वेळ धरली, तर आमचा चंद्र सुमारे अर्धा तास आधीच उगवलेला असतो. अक्षांशांमुळे त्यात काही मिनिटांचे कमीअधिक होते, इतकेच. आजी उपाशी, मोदक झाकलेले आणि चंद्र केव्हाचा वर आलेला! आता गावोगावच्या वेळाही मिळतात. तरी गच्चीवर जाऊन पाहणारा विरळाच.

पंचांग आकाशाशी जुळावे, यासाठी महाराष्ट्रात विद्वानांनी आयुष्ये वेचली. केरूनाना छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकात पंचांगशोधनाचा पाया घातला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध केला आणि दोनच वर्षांनी ते निवर्तले. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी बागलकोटला शिक्षकी करीत ‘ज्योतिर्गणित’ सिद्ध केले. यांपैकी कोणाजवळ मोठी वेधशाळा नव्हती. होती ती चिकाटी. संशोधकाचे जीवन म्हणजे बहुधा असेच असते: आकडे मांडावयाचे, ताडून पाहावयाचे, चुकले की पुन्हा मांडावयाचे.

आपल्या काळात हीच वृत्ती डॉ. जयंत नारळीकरांच्या ठायी दिसली. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले आणि बनारसला वाढलेले नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे सहकारी झाले. विश्वाला आरंभ नाही, असे मानणाऱ्या स्थिर-स्थिती सिद्धांताचा त्यांनी पुरस्कार केला. १९६५ साली सर्वत्र पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूस गेले. नारळीकरांनी विरोधी पुराव्याकडे पाठ फिरविली नाही. १९९३ साली सहकाऱ्यांसह आपला सिद्धांत बदलून मांडला. विज्ञानजगताने तो मान्य केला नाही, हेही नमूद केले पाहिजे. दृक्प्रत्ययाचा दंडक मोठ्यांनाही सुटत नाही.

तोच दंडक त्यांनी फलज्योतिषाला लावला. २००८ साली पुण्यात शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या गेल्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्यांवरून मुले ओळखून दाखविण्याचा प्रयत्न केला. यश सरासरी शेकडा ४६ इतके आले. नाणे उडवूनही शेकडा पन्नास मिळतात!

मग सणवार टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. सूर्याचे उत्तरेकडे वळणे २१-२२ डिसेंबरला होते. संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. पृथ्वीचा आस सावकाश डोलतो, दर बहात्तर वर्षांनी सुमारे एक अंशाचा फरक पडतो, म्हणून ही तफावत. मेघनाद साहा समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, शासनाने राष्ट्रीय पंचांग स्वीकारले. सरकारी नोकरीत ती तारीख माझ्या नित्य नजरेखाली येते. घरची संक्रांत मात्र जुन्याच दिवशी होते. तिळगूळ त्याने कडू होत नाही. परंतु संक्रांतीलाच उत्तरायण लागते, असे मुलांना सांगणे आता शोभणारे नाही.

नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून धाडतो. विद्वानाच्या नावापेक्षा आपला प्रश्न मोलाचा, हे त्या मुलांना एका पोस्टकार्डाच्या खर्चात शिकावयास मिळाले.