पिंजऱ्याशेजारची माणसे

न्यायालयात दोन अगदी भिन्न माणसांना उभे राहण्यासाठी आपल्या भाषेने एकच जागा नेमून दिली आहे. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, आणि ज्याच्या डोळ्यांसमोर काही घडले एवढाच ज्याचा दोष, तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. हा शब्द रूढ करणाऱ्याच्या मनात लाकडी कठड्याच्या आकारापलीकडे काही नसेलही. परंतु समन्स हाती पडल्यापासून उलटतपासणी संपेपर्यंतचे दिवस ज्याने एकदा काढले आहेत, त्याला तो शब्द अनाठायी वाटत नाही.

जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळी अकराच्या सुमारास थोडा वेळ थांबले तरी त्याचे कारण उमगते. भिंतीकडेच्या एकाच बाकावर फिर्यादीची म्हातारी आई आणि आरोपीचे दोन चुलतभाऊ बसलेले असतात, कारण व्हरांड्यात बाकच तेवढे असते; पट्टेवाल्याने पुकारा केला की सगळेच अर्धवट उठतात आणि नाव आपले नव्हे हे कळल्यावर पुन्हा बसतात; मध्येच त्या चुलतभावांपैकी एकजण म्हातारीला आपणहून पाणी आणून देतो आणि रिकामा पेला परत घेताना, "मावशी, बांधाचं पण बघायचंय ना अजून आपल्याला," असे सहज बोलून जातो. या वाक्यात धमकीचा एकही शब्द नाही आणि कोणत्याही पंचनाम्यात ते येणार नाही. दुपारी कोणी वकीलसाहेब हजर नसल्यामुळे काम तहकूब होते, पुढची तारीख पडते, आणि अशा चार-पाच तारखांनंतर म्हातारी खरोखरच पिंजऱ्यात उभी राहते तेव्हा त्या संध्याकाळचे तिला काहीएक आठवेनासे झालेले असते.

मग सरकारी वकील साक्षीदार फितूर झाल्याचे घोषित करण्याची परवानगी मागतात. किल्ल्याचा दरवाजा रात्री शत्रूला उघडून देणाऱ्यासाठी बखरींनी राखून ठेवलेला हा शब्द बांधाला बांध लागून असलेल्या म्हातारीसाठी वापरताना आपल्याला काही वाटत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. किल्लेदाराला निदान शिबंदी तरी दिलेली असे.

ही शिबंदी देण्याचा विचार आपल्याकडे फार उशिरा झाला. बेस्ट बेकरी खटल्यातले साक्षीदार उलटले आणि आरोपी सुटले, तेव्हा २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो खटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात, नव्याने चालवण्याचा आदेश दिला. २००६ साली विधी आयोगाने आपल्या १९८व्या अहवालात साक्षीदारांची ओळख गुप्त राखणे व त्यांना संरक्षण देणे या विषयाचा सविस्तर ऊहापोह केला. तो अहवाल दप्तरात पडून राहिला. पुढे आसाराम बापूवरील खटल्यांतल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे प्राण गेले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारने सादर केलेली साक्षीदार संरक्षण योजना मान्य करून, कायदा होईपर्यंत हीच योजना कायदा म्हणून देशभर पाळावी असा हुकूम केला. महाराष्ट्राने स्वतःचा अधिनियम त्याआधीच, २०१७ चा, केलेला होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने तर अशी योजना तयार करणे हे प्रत्येक राज्य सरकारचे कर्तव्यच ठरवले आहे.

साक्षीदार संरक्षण म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा अमेरिकन चित्रपटातले दृश्य उभे राहते: नवे नाव, नवे गाव, नवी नोकरी आणि काळा चष्मा लावलेला अंगरक्षक. ते दृश्य सर्वस्वी काल्पनिक नाही. जेराल्ड शूर नावाच्या सरकारी वकिलाच्या खटपटीतून आणि १९७० च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातून अमेरिकेत असे एक खातेच उभे राहिले आणि मार्शल सेवेतल्या अधिकाऱ्यांना त्यात आयुष्यभराची नोकरी मिळाली. त्यांच्या आश्रयाला आलेल्यांपैकी पुष्कळजण स्वतःच टोळ्यांतले गुन्हेगार होते, ही गोष्ट मात्र चित्रपटात फारशी येत नाही. आपल्या योजनेतही नवी ओळख आणि राज्यात किंवा देशात अन्यत्र स्थलांतर यांची तरतूद आहे, परंतु ती शेवटची पायरी आहे. त्याआधीच्या पायऱ्या साध्या आहेत: तपासात व सुनावणीत साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत असे पाहणे, दूरध्वनीचा क्रमांक बदलून देणे, घराला चांगला दरवाजा, कॅमेरा वा कुंपण करून देणे, घराभोवती गस्त ठेवणे, तारखेच्या दिवशी सरकारी गाडीने नेणे-आणणे, आणि साक्ष चालू असताना सोबतीला एक माणूस देणे.

हे सारे करायचे कोणी, असा प्रश्न एखाद्या होतकरू मुलाने वा मुलीने विचारला तर उत्तर थोडे लांबते, कारण 'साक्षीदार संरक्षक' अशी पाटी लावलेले पद आपल्या जाहिरातींत सापडत नाही. साक्षीदाराचा अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जातो. जिल्ह्याचे पोलीसप्रमुख तिचे सदस्य असतात आणि अभियोग शाखेचे जिल्ह्यातील प्रमुख सदस्य-सचिव. अर्ज आला की त्या पोलीस उपविभागाचा अधिकारी, म्हणजे उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त, धोक्याचा अहवाल लिहितो, आणि या एका अहवालावर पुढचे सगळे अवलंबून असते. जिवाला धोका असेल तर 'अ' वर्ग, सुरक्षितता, अब्रू वा मालमत्ता यांना असेल तर 'ब', आणि छळ वा दमदाटी यांपुरता मर्यादित असेल तर 'क'. अहवालासाठी कामकाजाचे पाच दिवस, तो आल्यावर निर्णयासाठी आणखी पाच, आणि दिलेले संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत, अशी मुदतीची चौकट आहे. बांधाच्या त्या वाक्यातला अर्थ ज्याला ऐकू येतो तोच अधिकारी हा अहवाल नीट लिहू शकेल, आणि ते ऐकू येण्याचे शिक्षण कोणत्याही स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकात नाही.

तेव्हा पोलीस सेवेत जाऊ इच्छिणाऱ्याने हे काम हक्काने आपले मानावे. पोलीस ठाण्यातला जो हवालदार कोर्ट पैरवीचे काम पाहतो, समन्स बजावतो, साक्षीदाराला तारखेची आठवण देतो, त्याच्या हुद्द्याला झगमगाट नाही. परंतु साक्षीदार तारखेला येईल की नाही हे पुष्कळदा त्याने समन्स देताना घरात बसून घोटभर चहा घेतला की उंबऱ्यावरूनच सही घेऊन तो परतला यावर ठरते. कायद्याची पदवी आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येणारा सहायक सरकारी अभियोक्ता हा दुसरा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत पीडितांचे नुकसानभरपाईचे अर्ज मार्गी लावणारे कर्मचारी व विधी स्वयंसेवक हे तिसरे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांच्या पीडितांसाठी महाराष्ट्राने २०१३ साली सुरू केलेल्या मनोधैर्य योजनेचे अर्जही आज याच कचेरीत येतात.

समाजकार्याच्या वाटेने येणाऱ्यांची परंपरा मात्र या सर्वांहून जुनी आणि, माझ्या मते, अधिक समृद्ध आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला आणि खाकी गणवेशांच्या गर्दीत साध्या साडीतली समाजकार्यकर्ती टेबल मांडून बसली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तक्रार लिहून घेण्याआधी तक्रार करणारीचे ऐकून घेण्यासाठी सरकारी इमारतीत एक खुर्ची राखली गेली. हे कक्ष पुढे राज्यभर पसरले. या शतकाच्या आरंभी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे केंद्र निघाले, आणि भाजलेल्या वा पडून लागलेल्या म्हणून नोंदल्या जाणाऱ्या स्त्रियांना खरे काय झाले हे विचारणारे कोणी तिथे बसू लागले. २०१५ पासूनची 'सखी' वन स्टॉप केंद्रे, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले समुपदेशक ही सगळी त्याच वंशवेलीची पाने. यासाठी समाजकार्य, मानसशास्त्र वा बालविकास यांतली पदवी लागते. मुंबईत १९३६ ची टाटा संस्था व १९५५ ची निर्मला निकेतन, पुण्यात १९६३ ची कर्वे समाजसेवा संस्था, अशी शिक्षणाची घरे आपल्या दाराशी आहेत. वेतनाविषयी मात्र आधीच सांगितलेले बरे: यांतल्या पुष्कळ जागा कंत्राटी आहेत, आणि सरकारी भाषेत 'मानधन' हा शब्द आला की मान पुष्कळ आणि धन बेताचे असणार हे इच्छुकाने समजून असावे.

या सर्व कामांत ज्याचे कसब मला सर्वांत सूक्ष्म वाटते ते काम 'सपोर्ट पर्सन'चे. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याखाली बाल कल्याण समिती अत्याचारग्रस्त बालकासाठी अशी साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. तपासापासून निकालापर्यंत तिने बालकासोबत राहायचे, प्रकरण कुठवर आले ते कुटुंबाला कळवायचे आणि दरमहा समितीला अहवाल द्यायचा. ही नेमणूक पालकांच्या मर्जीवर सोडून देऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले.

साक्षीच्या आदल्या दिवशी ही बाई मुलीला घेऊन रिकाम्या न्यायदालनात जाते. न्यायाधीश कुठे बसतील, टंकलेखक कुठे, पाण्याचा माठ कुठे, लघवीला जायचे झाले तर कोणाला सांगायचे, हे सारे दाखवते. वकील तुला थेट विचारणार नाहीत, ते न्यायाधीशांना सांगतील आणि न्यायाधीश तुला विचारतील, हेही समजावते, कारण कायद्याने तशी तजवीज केली आहे. प्रश्न कळला नाही तर 'कळला नाही' म्हणायचे, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचे. मुलगी पडद्याला हात लावून पाहते आणि विचारते, "तो मला यातून दिसेल?" नाही दिसणार. "आणि मी त्याला?" तूही नाही. एवढ्यावर तिचा चेहरा जरा सैल होतो आणि मग ती म्हणते, "मग मी उद्या काय सांगू?"

इथे या व्यवसायाची सारी परीक्षा आहे. सोबतीण त्या मुलीला महिनोन् महिने ओळखते, तिची शाळा, तिचा आवडता खाऊ, तिला रात्री पडणारी स्वप्ने तिला ठाऊक असतात; आणि या एका प्रश्नाला मात्र तिला उत्तर देता येत नाही. 'जे झालं ते सांग' याच्या पुढे तिने एक शब्द टाकला, घटनेचा एक तपशील जरी तिच्या तोंडून आला, तर दुसऱ्या दिवशी उलटतपासणीत "तुला हे कोणी पढवलं?" हा प्रश्न येणार, आणि मुलगी निरागसपणे सोबतिणीकडे बोट दाखवणार. धीर देणे आणि पढवणे यांच्यामधली ही रेघ केसाएवढी बारीक आहे. नव्या कार्यकर्त्या मायेच्या भरात ती ओलांडतात. अनुभवी बाई शेजारी बसते, पाण्याची बाटली हातात ठेवते, आणि साक्ष चालू असताना मुलीच्या डोळ्यांत न पाहता तिच्या चपलांकडे पाहत राहते, कारण मान हलली तरी समोरच्या वकिलाला ती खूण वाटू शकते.

दुभाषे आणि विशेष शिक्षक यांनाही या क्षेत्रात काम आहे, याची आठवण महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने करून दिली. त्यातली पीडित मुलगी ऐकू व बोलू न शकणारी होती आणि तिची साक्ष न्यायालयासमोर आलीच नव्हती. त्या खटल्यात २०१७ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात असुरक्षित साक्षीदारांसाठी निदान दोन विशेष केंद्रे उभारण्यास सांगितले. खुणांची भाषा जाणणारा, आणि ज्या खुणा केल्या तेवढ्यांचाच अर्थ सांगून आपल्या पदरचे काही न मिसळणारा माणूस मिळणे आजही सोपे नाही.

घरी मात्र यांतल्या कोणालाच दिवसभराचे काही सांगता येत नाही. पीडितेचे नाव उघड करणे हा गुन्हा आहे, आणि लहान गावात नाव न सांगताही सगळे सांगितल्यासारखे होते. एवढे पोटात ठेवून जगण्याचा शीण असतो. काही संस्था आपल्या कार्यकर्त्यांना ठरावीक काळाने कोणा ज्येष्ठासमोर मन मोकळे करण्याची सोय करून देतात, पुष्कळ ठिकाणी तीही नसते.

साक्ष एकदाची संपते. साक्षभत्त्याच्या कागदावर आईचा अंगठा होतो, मुलगी बाटलीतले उरलेले पाणी पिऊन टाकते. योजनेच्या कागदावर साक्षीदार व आरोपी समोरासमोर येऊ नयेत असे लिहिलेले असते, आणि दालनात ते पाळलेही गेलेले असते. पण जामिनावर सुटलेला आरोपी त्याच गावचा असतो आणि त्या गावाला जाणारी संध्याकाळची एस.टी. एकच. म्हणून निघण्याआधी सोबतीण डेपोतल्या चौकशीच्या खिडकीशी जाऊन शेजारच्या गावावरून जाणारी दुसरी गाडी किती वाजता आहे ते विचारून येते, आणि फाट्यावर न्यायला ये म्हणून मुलीच्या मामाला फोन लावते.