नव्या संगणकाचे वारंवार बंद पडणे : कारणमीमांसा व दोषनिदानाची पद्धती

प्रस्तावना

महाविद्यालयाचे कार्यालय, ग्रंथालय, परीक्षा विभाग आणि अध्यापकांचे कक्ष या सर्व ठिकाणी संगणक आता नोंदवहीइतकाच नित्याचा झाला आहे. विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटी पूर्ण न करणारे जुने संगणक बदलण्याचा प्रश्न त्यामुळे अनेक संस्थांपुढे उभा राहिला. नवा संगणक म्हणजे निर्दोष संगणक, अशी खरेदी करणाऱ्याची स्वाभाविक धारणा असते. असा संगणक आठवड्यातून तीन-चार वेळा आपोआप बंद पडू लागला, की दोष वापरणाऱ्याच्या माथी मारला जातो, 'व्हायरस आला असेल' असे म्हणून विषय संपवला जातो, किंवा तंत्रज्ञ येऊन संगणक फॉरमॅट करून जातो. चार दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो.

गुणपत्रके भरण्याच्या शेवटच्या दिवशी असे घडले, तर त्याची किंमत केवळ गैरसोयीत मोजता येत नाही. हमीची मुदत दरम्यान सरत असते, हेही विसरून चालणार नाही. नव्या संगणकाचे वारंवार बंद पडणे कशामुळे घडते आणि त्याचे निदान कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नवेपण आणि निर्दोषता

यंत्रांच्या विश्वसनीयतेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ बिघाडाच्या प्रमाणाचा एक आलेख काढतात. त्याचा आकार आंघोळीच्या टबाच्या उभ्या छेदासारखा दिसतो. प्रारंभी बिघाडाचे प्रमाण अधिक असते, मधल्या दीर्घ काळात ते कमी व स्थिर राहते आणि आयुष्याच्या अखेरीस झीज झाल्याने पुन्हा वाढते. निर्मितीतील सूक्ष्म उणिवा, सैल बसलेली जोडणी, वाहतुकीत सरकलेला पंखा यांचे परिणाम पहिल्या काही आठवड्यांतच प्रकट होतात. म्हणून नवेपणा हा निर्दोषतेचा पुरावा ठरत नाही.

या संदर्भात २०११ मधील एक अभ्यास महत्त्वाचा आहे. मायक्रोसॉफ्टमधील नाइटिंगेल, डाउसर आणि ऑर्गोव्हन या संशोधकांनी सुमारे १० लाख वैयक्तिक संगणकांच्या बंद पडण्याच्या नोंदी तपासल्या. प्रोसेसरने एकूण ३० दिवसांइतके काम केलेल्या संगणकांपैकी साधारणपणे १९० मागे १ संगणक प्रोसेसरशी संबंधित दोषामुळे बंद पडल्याचे आढळले. मात्र एकदा असे बंद पडलेल्या संगणकांपैकी जवळजवळ प्रत्येक तिसरा संगणक त्याच प्रकारे पुन्हा बंद पडला. प्रोसेसर नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक वेगाने चालविल्यास हे प्रमाण वाढते, असेही त्यांना दिसून आले.

या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. पहिल्या घटनेकडे योगायोग म्हणून पाहता येईल. दुसरी घटना घडताच चौकशी सुरू केली पाहिजे. 'पुन्हा झाले तर पाहू' ही भूमिका हार्डवेअरच्या दोषाबाबत सहसा महागात पडते.

संदेश आणि मूळ कारण

संगणक बंद पडताना पडद्यावर जो संदेश येतो, तो दोष कोठे उघड झाला हे सांगतो. दोष कोठे निर्माण झाला हे सांगेलच असे नाही. या भेदाचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरचे प्रकरण होय.

ही प्रोसेसर-मालिका अनुक्रमे ऑक्टोबर २०२२ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आली. २०२४ च्या प्रारंभी तक्रारी मोठ्या प्रमाणावर पुढे आल्या. अनेकांना गेम सुरू करताना 'व्हिडिओ मेमरी अपुरी आहे' अशा अर्थाचा संदेश दिसत असे. साहजिकच संशय ग्राफिक्स कार्डावर गेला. प्रत्यक्षात ग्राफिक्स कार्डात पुरेशी स्मृती शिल्लक होती. संक्षेपित माहिती उलगडण्याचे काम प्रोसेसर करीत असताना त्याच्याकडून चुकीची उत्तरे येत होती आणि त्या चुकीचा परिणाम दुसऱ्याच घटकाच्या नावावर नोंदला जात होता.

प्रोसेसरला आवश्यकतेपेक्षा अधिक व्होल्टेज मागितले जात असल्याचे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले आणि ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड बायोसच्या नव्या आवृत्त्यांद्वारे उपलब्ध करून दिला. उच्च व्होल्टेज व तापमानाखाली प्रोसेसरमधील कालस्पंद वाहून नेणाऱ्या मंडलाची अकाली झीज होते, असे स्पष्टीकरण सप्टेंबर २०२४ मध्ये देण्यात आले. संबंधित प्रोसेसरची हमी २ वर्षांनी वाढविण्यात आली. सुधारित मायक्रोकोडमुळे पुढील झीज रोखता येते. झालेली झीज भरून निघत नाही. तोवर ज्यांनी विंडोज पुन्हा पुन्हा भरून पाहिले किंवा ग्राफिक्स कार्ड बदलले, त्यांचे श्रम आणि पैसा वाया गेला.

दोषनिदानाची पूर्वतयारी

चौकशीपूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी. वारंवार अचानक बंद पडणाऱ्या संगणकावर लिहिली जाणारी माहिती सुरक्षित राहीलच, असे गृहीत धरता येत नाही.

त्यानंतर एक साधी नोंदवही ठेवावी. दिनांक, वेळ, त्या वेळी चालू असलेले काम, पडद्यावरील संदेशाचे शब्द, तसेच वीज गेली-आली होती का आणि अलीकडे काय बदलले, या बाबी तीत लिहाव्यात. विंडोज स्वतःही नोंदी ठेवते. 'रिलायबिलिटी मॉनिटर'मध्ये दिवसवार घटना दिसतात, 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये तपशील मिळतो आणि विंडोजच्या फोल्डरमधील 'मिनीडंप' या उपफोल्डरात बंद पडतानाच्या स्थितीच्या छोट्या फायली साठतात. फॉरमॅट केल्यास हा सर्व पुरावा नष्ट होतो. म्हणून फॉरमॅट हा पहिला उपाय असू नये.

या नोंदी वाचताना एक चूक हमखास होते. 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून वीजपुरवठ्याचा भाग, म्हणजे एसएमपीएस, खराब झाला असा निष्कर्ष काढला जातो. मागील वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते. कारण काहीही असू शकते. याउलट 'डब्ल्यूएचईए' या नावाने आलेली नोंद हार्डवेअरनेच त्रुटी कळविल्याचे दर्शविते, म्हणून तिला अधिक वजन द्यावे.

लक्षणांचे वर्गीकरण

बंद पडण्याचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात संदेश व सांकेतिक नाव असलेली पाटी येते. ही पाटी अनेक वर्षे निळी होती. २०२५ मध्ये विंडोज ११ च्या सुधारित आवृत्तीत ती काळी करण्यात आली. प्रत्येक वेळी एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर तो ड्रायव्हर किंवा त्याच्याशी संबंधित उपकरण प्रथम तपासावे. दरवेळी वेगळे नाव व वेगळा संकेत येत असल्यास रॅम किंवा प्रोसेसरवर संशय घ्यावा, कारण बिघडलेली स्मृती कोणत्याही आज्ञावलीच्या वाट्याला येऊ शकते.

दुसऱ्या प्रकारात कोणताही संदेश न येता संगणक क्षणार्धात बंद होतो किंवा पुन्हा सुरू होतो. येथे वीजपुरवठा, उष्णता किंवा सैल जोडणी ही कारणे अधिक संभवतात. तिसऱ्या प्रकारात चित्र गोठते व माऊस हलत नाही. अशा वेळी डिस्क, ग्राफिक्स आणि रॅम यांचा विचार करावा. चौथ्या प्रकारात एकच आज्ञावली बंद पडते आणि बाकी काम सुरळीत चालते. तेव्हा दोष बहुधा त्या आज्ञावलीत असतो. मात्र इंटेलच्या प्रकरणाने दाखवून दिल्याप्रमाणे यालाही अपवाद आहेत.

तपासणीचा क्रम

तपासणीचे मुख्य सूत्र असे की एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पुरेसा काळ पाहावा. रॅम, ड्रायव्हर आणि बायोस एकाच दिवशी बदलले व संगणक सुधारला, तरी दोष कशात होता हे कळत नाही. खर्च नसलेले आणि पूर्ववत करता येणारे बदल आधी करावेत.

पहिला बदल बायोसमधील मूळ मांडणी परत आणण्याचा. अनेक संगणकांत रॅमचा वेग 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' या सोयीने वाढविलेला असतो. उदाहरणार्थ, ६००० असा वेग छापलेली डीडीआर ५ रॅम ही सोय बंद असताना सामान्यतः ४८०० या वेगाने चालते. ही सोय बंद केल्यावर संगणक स्थिर झाला, तर कारण बव्हंशी सापडले. त्यानंतर बायोसची अद्ययावत आवृत्ती भरावी. हे काम यूपीएसवरच करावे, कारण मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. डीडीआर ५ रॅम असलेला संगणक रॅम बदलल्यानंतर प्रथम सुरू होताना काही मिनिटे पडदा काळा ठेवतो. तो बिघाड समजून बटण दाबू नये.

दुसरी पायरी रॅमच्या परीक्षणाची. विंडोजमधील स्मृती-परीक्षण प्राथमिक स्वरूपाचे आहे. पेनड्राइव्हवरून चालणारी 'मेमटेस्ट८६ प्लस' ही विनामूल्य आज्ञावली रात्रभर चालविणे अधिक उपयुक्त ठरते. एक जरी त्रुटी आढळली तरी ती दुर्लक्षिण्याजोगी नसते. त्रुटी आढळली नाही म्हणून रॅम निर्दोष ठरते असेही नाही. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एकेक पट्टी लावून संगणक काही दिवस वापरावा आणि दोष पट्टीबरोबर फिरतो की खाचेबरोबर राहतो, हे पाहावे. श्रोडर, पिनेरो व वेबर या संशोधकांनी २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत त्रुटी नोंदल्या गेल्या होत्या. सर्व्हरमधील रॅमला अशा त्रुटी ओळखून दुरुस्त करण्याची सोय असते. सामान्य डेस्कटॉपमध्ये ती सहसा नसते. त्यामुळे तेथे त्रुटी नोंदली न जाता थेट परिणामच दिसतो.

तिसरी पायरी वीज आणि उष्णतेची. एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या तारेवरील दाब ५ टक्क्यांच्या मर्यादेत, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान असावा. तो भाराखाली मोजला तरच मापनाला अर्थ असतो. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणे. संगणक दुसऱ्या खोलीतील प्लगवर व दुसऱ्या यूपीएसवर चालवून पाहिल्यास इमारतीतील सैल जोडणी किंवा सदोष अर्थिंगचा प्रश्नही उघड होतो. उष्णतेबाबत, प्रोसेसर सुमारे ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर प्रथम आपली गती कमी करतो आणि तापमान वाढतच राहिले तर संगणक बंद होतो. विदर्भात मे महिन्यात खोलीचे तापमानच जेथे चाळिशीच्या पुढे जाते, तेथे भिंतीला चिकटवून ठेवलेला संगणक लवकर तापतो. नव्या संगणकात प्रोसेसरवरील पंखा नीट बसलेला आहे का आणि त्याखालचा संरक्षक प्लास्टिकचा पापुद्रा काढलेला आहे का, हेही पाहावे.

चौथी पायरी बाह्य उपकरणे व डिस्कची. छपाई यंत्र, वेबकॅम, यूएसबी हब काढून संगणक वापरावा. डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदी तपासाव्यात. अखेरीस उबुंटूसारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. तेथेही संगणक बंद पडला, तर विंडोज निर्दोष ठरते व हार्डवेअरचा दोष जवळजवळ निश्चित होतो. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची अदलाबदल मात्र विक्रेत्याच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

हमी आणि नोंदींचे मोल

अधूनमधून उद्भवणारा दोष सिद्ध करणे कठीण असते. तंत्रज्ञ येतो तेव्हा संगणक सुरळीत चालतो आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा देऊन तो परततो. अशा वेळी तोंडी तक्रारीला वजन राहत नाही. सहा आठवड्यांत अकरा घटना, त्यांची वेळ, संदेशांची छायाचित्रे, मिनीडंपच्या प्रती आणि कोणकोणते बदल करूनही फरक पडला नाही याची यादी समोर ठेवली, तर चर्चेचे स्वरूप बदलते. संगणकावरील सील स्वतः तोडू नये. आवरण उघडण्यास हमीत मनाई असेल, तर वर सांगितलेल्या अंतर्गत तपासण्या तंत्रज्ञाच्या उपस्थितीत कराव्यात. प्रत्येक तक्रार लेखी देऊन तिचा क्रमांक घ्यावा आणि तो डेडस्टॉक नोंदवहीतील संबंधित नोंदीसमोर लिहावा. तक्रार नोंदविल्याचा दिनांक हमीच्या मुदतीत असणे पुढे निर्णायक ठरू शकते.

निष्कर्ष

नव्या संगणकाचे वारंवार बंद पडणे ही दैवगती नव्हे. त्याला शोधता येण्याजोगे कारण असते. पडद्यावरील संदेश हा साक्षीदार मानावा, न्यायाधीश मानू नये. माहितीची प्रत, घटनांची नोंद, लक्षणांचे वर्गीकरण आणि एका वेळी एकच बदल या चार गोष्टींसाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. प्रयोगशाळेतील प्रयोगात जी शिस्त अध्यापक विद्यार्थ्यांकडून अपेक्षितात, तीच शिस्त येथे पुरेशी आहे. ती पाळल्यास दोष हमीच्या मुदतीत सिद्ध होतो, संस्थेचा खर्च वाचतो आणि ज्या लिपिकाच्या किंवा अध्यापकाच्या हातून 'संगणक बिघडला' असे म्हटले जात होते, त्याच्यावरील आळही दूर होतो.