वैशाखात झोपणारी बाग

‘ट्रॉपिकल’ हा शब्द आमच्याकडे फार्महाऊसच्या मागोमाग आला. मुरबाडहून धसईकडे येताना आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी फाटके दिसतात. आत हिरवळ, कडेने पाम आणि नावाची चिठ्ठी अजून गळ्यात असलेली नर्सरीची झाडे. आमच्या भाच्यानेही डोंबिवलीचा व्याप सांभाळून इथे जमिनीचा एक तुकडा घेतला आणि टेम्पो भरून हेलिकोनिया नि अँथुरियम आणले. “मामी, ही सगळी ट्रॉपिकल झाडं आहेत, आणि आपण ट्रॉपिकलमध्येच राहतो की! काही करावं लागणार नाही.”

भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे त्याचे म्हणणे बरोबरच होते. कर्कवृत्त आपल्या पुष्कळ उत्तरेला, धसई जेमतेम एकोणीस अंशांवर. पण अँथुरियम हे मूळचे कोलंबिया-एक्वादोरच्या डोंगरउतारांवरचे. तिथे पाऊस बारमाही, हवा सदा ओलसर, आणि ऊन पोचते ते मोठ्या झाडांच्या पानांतून गाळून. आमच्या या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो खरा, पण तो जवळजवळ सगळा मृगापासून हस्तापर्यंत. मग आठ महिने आभाळ कोरडे. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि भातखाचरांत पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा ठिकाणी अँथुरियमला जगवायचे, तर आठ महिने त्याचा पाऊस माणसाने व्हायला हवे.

भाचा झाला. एप्रिलच्या अखेरीला त्याची बोअर आटली, म्हणून त्याने विकतचा टँकर मागवला. टँकर आला त्याच वेळी वरच्या पाड्यावरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन रस्त्याने चालल्या होत्या. त्याने फाटक आतून लावून घेतले. हे त्यानेच मला सांगितले, मी विचारले नव्हते.

आमच्याकडे पाण्याची गोष्ट अशी उघड्यावरच असते. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही दोन मोठी धरणे आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आहे, आणि त्याच तालुक्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतात. मुरबाडच्या डोंगराकडच्या पाड्यांची कथा निराळी नाही. २०१६ च्या डिसेंबरात धसईचे नाव रोकडविरहित गाव म्हणून वर्तमानपत्रांत झळकले होते. पैसे कार्डाने देता येऊ लागले. हंड्याला अजून तशी काही युक्ती निघालेली नाही.

“मग मामी, इथं लावायचं तरी काय?” असे त्याने विचारले, तेव्हा मला सासूबाई आठवल्या.

मी १९७८ साली या घरात सून म्हणून आले, तेव्हा विहीर घरापासून चांगली लांब होती. सासूबाईंचा नियम होता, की कळशीने पाणी घालून जगवावे लागेल ते झाड अंगणात नको. तुळस तेवढी अपवाद. तरीही आमच्या अंगणात फुलांना खळ नसे. तेव्हा मला ते हाताच्या गुणाचे वाटे. पुढे शाळेत मुलांना भूगोल शिकवताना त्यातली मेख उमगली. सासूबाईंची झाडे जगभरातून आलेली होती, पण ती आली होती चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन अशाच मुलखांतून.

देवळापुढचा चाफा घ्या. तो आपल्याला इतका आपला वाटतो, की तो अमेरिका खंडातून आला हे सांगितले तर लोक हसतात. तिकडच्या उन्हाळी रानात तो पाने गाळून, जाड खोडात पाणी साठवून उभा राहतो. इथेही तेच करतो, आणि ऐन चैत्र-वैशाखात निष्पर्ण फांदीवर फुलांचे घोस धरतो. लावताना एवढेच करावे, की फांदी तोडल्यावर आठवडाभर सावलीत पडू द्यावी. चीक सुकला, की मग मातीत. ओली फांदी खोचली तर कुजते.

गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करची. सदाफुलीला तर बकरीसुद्धा तोंड लावत नाही. तिच्या अंगातल्या कडू विषातून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे व्हिन्क्रिस्टिन हे औषध निघाले. संध्याकाळी चारच्या सुमाराला उमलणारी गुलबक्षी अमेरिकेची, निशिगंध मेक्सिकोचा. या दोघांची मुळे वा कंद जमिनीखाली जाड असतात, म्हणून वरचा पाला वाळला तरी ती मेलेली नसतात. बोगनवेल ब्राझीलची. बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रवासात त्याच्याबरोबरच्या कॉमेर्साँ या वनस्पतीतज्ज्ञाने १७६७ मध्ये ती तिथे पाहिली आणि कप्तानाचे नाव तिला चिकटले. ज्याला आपण फूल म्हणतो ती तिची रंगीत पाने; खरे फूल आतली इवलीशी पांढरी नळी. पाणी तोडले की ती अधिक बहरते. रोज पाणी घालून “नुसती पानंच वाढतात” अशी तक्रार करणारे लोक मी पाहिले आहेत.

ओलाव्याची झाडे सासूबाईंनी न्हाणीमागे लावली होती. न्हाणीचे पाणी जिथे जिरे, तिथे केळ, अळू आणि सोनटक्का. सोनटक्का पूर्व हिमालयाकडचा, चिखलाचा शौकीन. आज तो क्यूबाचे राष्ट्रीय फूल आहे, आणि ब्राझीलमध्ये ओढ्याकाठी इतका माजला आहे, की तिथले लोक त्याला तण म्हणून उपटतात. आमच्याकडे तो न्हाणीच्या पाण्यापलीकडे पाऊल टाकत नाही, वैशाख त्याला आवरून धरतो. भाच्याची हेलिकोनिया केळीच्याच गोतातली आहे. ती त्याने हिरवळीवरून काढून न्हाणीमागच्या सावलीत आणली, तर तग धरेल असे मी त्याला सांगितले. साबण-पावडरीचे पाणी मात्र मी वेगळे काढते.

पण माझे मन खरे रमते ते बांधावरच्या झाडांत. जगभरचे हौशी बागवान ज्यांच्यासाठी काचघरे उभारतात, त्यांची भावंडे आमच्याकडे मेरेवर उगवतात आणि गुरांच्या पायाखाली जातात. लंडनच्या क्यू उद्यानात १८८९ साली सुमात्रातल्या एका राक्षसी फुलाला बहर आला, लागवडीखाली पहिल्यांदाच. त्या कुळातले आमचे शेवळ. मृगाच्या आगेमागे जमिनीतून पानाआधी त्याचा जांभळट कोंब वर येतो, आणि कातकरी-ठाकूर बायका त्याच्या जुड्या बाजारात आणतात. भाजी करताना पिवळा भाग काढून टाकायचा, आणि आंबट काकडे घालायची, नाहीतर घसा खाजतो. शेवळांबरोबर काकडे मागून घ्यावी लागत नाहीत. बाई आपणहून पुढे करते, नवखी गिऱ्हाईक ती नजरेने ओळखते. कोपऱ्यात शेवळाचे चार कंद असले, तर आषाढात त्यांची छत्रीसारखी पाने नर्सरीच्या कुठल्याही कुंडीला लाजवतात.

पेव तसेच. गोल जिना चढावा तशी त्याची पाने दांड्याभोवती फिरत वर जातात, आणि श्रावण-भाद्रपदात लालसर कणसातून चुरगळलेल्या पातळ कागदासारखे पांढरे फूल निघते. रानहळदीचा गुलाबी तुरा, गौरीत घरी येणारा तेरडा, ही सगळी मंडळी चार महिन्यांत आपला संसार आटोपून घेतात.

आणि कळलावी! पानाच्या टोकाचाच आकडा करून ती शेराच्या कुंपणावर चढते. पाकळ्या आधी पिवळ्या, मग टोकाकडून केशरी, शेवटी लालभडक, जणू वरच्या बाजूला वळलेल्या ज्वाळा. तामिळनाडूचे हे राज्यफूल, झिम्बाब्वेचे राष्ट्रीय फूल. ऱ्होडेशियाच्या मुलांनी १९४७ साली राजकन्या एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवसाला याच फुलाच्या आकाराचे हिऱ्यांचे पदक भेट दिले होते. आमच्याकडे मात्र तिच्या नावाने घरात भांडणे लागतात अशी समजूत, म्हणून पुष्कळ जण तिला अंगणात येऊ देत नाहीत. भांडणांचे मला ठाऊक नाही, विषाचे मात्र खरे आहे. कोल्चिसिन हे गाउटवरचे औषध तिच्यातून काढतात, आणि तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. घरात रांगते मूल असेल, तर तिचा हट्ट नको. कंद हाताळून झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

रानातून कंद खणून आणू नयेत, हे मी भाच्याला दोनदा बजावले. कळलावीचा कंद नांगराच्या आकाराचा आणि ठिसूळ, कोंबाचे टोक मोडले की तो फुकट. त्यापेक्षा दिवाळीनंतर तिच्या शेंगा फुटतात तेव्हा तांबडे बी गोळा करावे. बियापासून फूल यायला तीन-चार पावसाळे जातात. हे ऐकून त्याचा चेहरा पडला. तोवर तेरडा पेर म्हटले, त्याला दोन महिनेही लागत नाहीत.

अशा बागेचे एक अवघड आहे. डिसेंबरपासून मेपर्यंत अर्धे अंगण उघडे दिसते, आणि पाहुणे विचारतात, “यंदा झाडं गेली वाटतं?” पाने पिवळी पडली की पाणी घालू नये, निजलेल्या कंदाला भिजवले तर तो सडतो. वाळलेली वेल ओढून काढू नये, आपसूक सुटू द्यावी. वर भाताचा पेंढा पसरावा. खरा धोका उन्हाचा नसतो, कुदळीचा असतो. मेमध्ये शाकारणीची, कुंपणाची कामे निघतात, गडी येतात, आणि मोकळी जागा दिसली की तिथेच खड्डा घेतात. म्हणून प्रत्येक कंदापाशी मी नदीतला एक गोटा ठेवते. पेवाला मोठा, रानहळदीला चपटा, कळलावीला चुना लावलेला. गोटे जागच्या जागी राहिले, तर मृगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीनंतर त्यांच्या कडेने बोटभर कोंब वर आलेले दिसतात.