डोक्यावरचे ओझे आणि हातातली पाटी : जाईबाई चौधरी

३ जानेवारी आली की वस्तीवस्तीत क्रांतीज्योती सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो. तो घातलाच पाहिजे. पण १८४८ साली पुण्यात पेटलेली ती ज्योत पुढे कोणाच्या हाती आली, हे आमच्या किती विद्यार्थिनींना सांगता येईल? नागपूरच्या मुख्याध्यापिका जाईबाई चौधरी यांचे नाव काढले तर चळवळीतलेही अनेकजण विचारतात, 'या कोण?' ही खेदाची गोष्ट आहे.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली नागपूर जिल्ह्यातील उमरेडचा, महार कुटुंबातला. १८९६ च्या दुष्काळाने या कुटुंबाला नागपुरात आणले. तेथे जाईबाईंना अक्षरओळख झाली. १९०१ मध्ये, अवघ्या नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. सासरी अठराविश्वे दारिद्र्य! लिहिता-वाचता येणारी ही मुलगी पोटासाठी कामठी-नागपूर मार्गावर डोक्यावर ओझी वाहू लागली. हिला वाचता येते, हे ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या लक्षात आले आणि त्यांनी जाईबाईंना दरमहा ४ रुपयांवर शिक्षिका म्हणून घेतले. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्णांनी शाळेवर बहिष्कार घातला. अखेर जाईबाईंना नोकरी सोडावी लागली.

दुसरी कोणी असती तर पुन्हा हमालीकडे वळली असती. जाईबाईंनी मात्र वेगळा विचार केला. दुसऱ्याच्या शाळेत आमची बाई चालत नसेल, तर आमच्या मुलींसाठी शाळाही आमचीच हवी! १९२२ साली त्यांनी नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी संत चोखामेळा कन्या पाठशाळा उघडली. १९३० साली नागपुरातच भरलेल्या अस्पृश्य महिलांच्या परिषदेत त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला. एक मुलगी शिकली तर घर आणि समाजही पुढे जातो, हे त्या भर सभेत सांगत होत्या.

यापुढचा प्रसंग आजच्या शिकल्यासवरल्या पिढीने नीट ध्यानात घ्यावा. १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. स्त्रियांच्या हक्कांची भाषा बोलणाऱ्या, सुधारक घरांतल्या बायका तेथे जमल्या होत्या. जेवणाच्या वेळी मात्र जाईबाई आणि त्यांच्या सहकारी महिलांची पंगत वेगळी! व्यासपीठावर भगिनी आणि पंगतीत अस्पृश्य! मुख्याध्यापिका असूनही जात सुटली नाही. नुसत्या पदवीने आणि पदाने जात मरत नाही, हा त्या ताटाचा धडा आहे. नागपूरच्या अस्पृश्य महिलांनी हा अपमान गिळला नाही. १९३८ च्या आरंभी जाहीर सभा घेऊन त्यांनी त्याचा निषेध केला. शाळेने दिले ते हेच : वाचता येणे आणि नाही म्हणता येणे.

जाईबाईंसारख्या स्त्रियांची माहिती आपल्यापर्यंत पोहोचली ती ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथामुळे. दोघींनी वस्त्यावस्त्यांत फिरून, म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायकांना बोलते करून तो इतिहास गोळा केला. तोवर आमच्या पुरुष लेखकांची नजर इकडे फारशी वळली नव्हती, हेही प्रांजळपणे कबूल करायला हवे.

आणि आज? २०२३ साली महाराष्ट्र शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा वाड्यापाड्यांत आणि तांड्यांवर आहेत. शाळा दूर गेली की पहिल्यांदा घरी कोण बसते? मुलगीच! हिशेब पटाचा मांडला जातो, किंमत मुलगी मोजते.

म्हणून जाईबाईंचे स्मरण म्हणजे केवळ फोटोला हार नव्हे. आपल्या वस्तीतली किती मुले-मुली शाळेबाहेर आहेत, याची यादी विहाराविहारांत तयार व्हावी. जवळची शाळा बंद होत असेल तर महिला मंडळांनी पुढे होऊन जाब विचारावा. रिकाम्या हाताने जाईबाईंनी एक शाळा उघडली. नोकऱ्या, पगार आणि संघटना असलेल्या आम्हाला उघडलेली शाळा टिकवता येऊ नये?

जाईबाईंना विनम्र अभिवादन!